मोखाड्याला फ्यूज उडतो

मोखाड्याला शहरातला माणूस सहसा तीन कारणांनी जातो. सरकारी नोकरीत बदली झाली म्हणून, पावसाळ्यात धबधबे पाहायचे म्हणून, किंवा होळीनंतर बोहाड्याची सोंगे पाहायची म्हणून. मी गेलो तो फ्यूज उडतो म्हणून.

माझा एक जुना मित्र मोखाड्याला मास्तरकी करून निवृत्त झाला आणि तिथेच राहिला. निवृत्तीनंतर कोणी बाग करतो, कोणी ज्ञानेश्वरी वाचतो. याने व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर केला. विकत घेतला नव्हे, केला. पत्रा कापण्यापासून शेवटचा डाग देण्यापर्यंत सारे काम स्वतःच्या हाताने. दोन वर्षे तो सुरेल वाजला. आणि यंदा गणपतीच्या सुमारास त्याचा फोन आला, "अरे, फ्यूज उडतोय."

"दुसरा घाल," मी म्हटले.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. "दुसराही उडाला."

आश्विन लागता लागता तिसरा फोन आला, तो मात्र काळजीचा होता. "आता फ्यूज उडत नाही. व्हॉल्व्हच उडाला. आत निळी ठिणगी पडली आणि खेळ खलास. माझ्याकडे त्या जातीचा एकच शिल्लक आहे. तू वाघबारशीच्या आत ये."

"वाघबारशीचा काय संबंध?"

"तू ये. मग सांगतो."

तारुण्यात मी रेडिओ दुरुस्त करीत असे, त्या पापाचे हे फळ. पिशवीत मीटर, सोल्डरची कांडी, थोडे सुटे भाग आणि पंचात गुंडाळलेला शंभर वॅटचा एक जुना तारेचा बल्ब घेतला. सौभाग्यवतीने विचारले, "दिवाळीला जाताना लोक फराळ नेतात. तुम्ही बल्ब नेता?" मग तिने चिवड्याचा डबाही बल्बाशेजारी ठेवला. रमा एकादशीच्या पहाटे मी कसाऱ्याची लोकल पकडली.

* * *

कसारा हे आपल्या लोकलचे शेवटचे स्टेशन. तिथून नाशिककडे जाणारे लोक घाट चढतात. मोखाड्याचा माणूस जीपमध्ये दाटीवाटीने बसतो आणि विहीगावच्या बाजूने खोडाळ्याकडे वळतो. मुंबईची गर्दी कुठे संपते हे नेमके सांगणे कठीण; पण या वळणानंतर ती मागे पडलेली असते खास. आश्विनातला तो डोंगर पाहावा. उतारावर नागली आणि वरई पिकून पिवळट-तांबूस झालेली, खाचरांत भात कापणीला आलेला, आणि मधूनच खुरासणीच्या फुलांचा असा पिवळा पट्टा की हळदीकुंकवाला कोणी हळद सांडली असावी.

वाटेत वैतरणेचे पाणी दिसते. आपण मुंबईकर रोज सकाळी नळ सोडतो तेव्हा हे पाणी आपल्या बादलीत पडते. खालच्या अंगाला मोडकसागर १९५७ साली झाला, वरच्या अंगाला ऊर्ध्व वैतरणा १९७३ साली, आणि या दोहोंच्या मध्ये, मोखाडे तालुक्यात कोचाळ्याजवळ, मध्य वैतरणेचे शंभर मीटरांहून उंच धरण २०१२ साली पुरे झाले. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने त्या पाण्याकडे बोट दाखवून मला विचारले, "मुंबईचं का?" मी होय म्हटले. त्याला मी विचारायचा होतो की पाणी, हे काही मी विचारले नाही. उत्तर दोन्हींना लागू होते.

खोडाळ्याजवळ देवबांधच्या गणपतीला जीपमधल्या बाया मनातल्या मनात हात जोडतात. पुढे मोखाडे. तालुक्याचे गाव, पण बाजाराचा रस्ता एका दमात चालून संपेल एवढेच. तालुक्यातली दहांतली नऊ माणसे आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. २०१४ सालच्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि मोखाडे ठाण्यातून पालघरात आले.

मास्तर रस्त्यावर उभाच होता. घरी पोहोचताच वहिनींनी पाणी दिले आणि ताटात उपासाचे वरीचे तांदूळ वाढले. "भाऊजी, तुमच्याकडे ही एकादशीला. इकडे पाड्यावर हीच रोजची," त्या म्हणाल्या. उपासाचे पदार्थ चवीने खाताना मला प्रथमच जरा अवघडल्यासारखे झाले.

* * *

जेवण होताच मास्तरने माझ्यापुढे यंत्र ठेवले. ज्या वाचकांना यात गती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो.

मलार्ड या इंग्रजी कंपनीने १९५४ साली एका ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, म्हणून त्याचे नाव पाच-दहा. जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरोघर बांधला. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह निघू लागले, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खिशाला परवडतील असे सुटे भाग मिळत. त्या रस्त्याला आता डॉ. भडकमकरांचे नाव आहे, पण ट्रान्सफॉर्मर आणायला निघालेला माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि व्हॉल्व्ह माळ्यावर गेले. तरी त्यांचा आवाज गोड लागणारी माणसे शिल्लक आहेत, म्हणून आजही रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये ते बनतात.

मास्तरच्या यंत्रात तेच पाच होते: एक ईएफ ८६, एक ईसीसी ८३, आवाजाला जोर देणारे दोन ईएल ८४ आणि रेक्टिफायर ईझेड ८१. निळ्या ठिणगीत गेला तो हा शेवटचा.

मी पहिला हात फ्यूजच्या खोबणीला घातला आणि कपाळाला हात लावला. आत फ्यूज नव्हताच. काचेच्या नळीवरून तांब्याच्या तारेचे दोन पदर गुंडाळले होते.

"हे काय?"

"सारखा उडत होता ना," मास्तर मुलासारखा पुटपुटला. "म्हटले, जरा जाड घालून पाहू."

वाचकहो, ही चूक आपणही घरी केलेली असेल, म्हणून मी जे मास्तरला सुनावले तेच इथे लिहितो. हे यंत्र साधारण ऐंशी वॅट वीज खाते. २३० व्होल्टवर तो होतो एक तृतीयांश ॲम्पियर. त्याला एक ॲम्पियरचा, किंचित धीराने उडणारा फ्यूज पुरेसा आहे. तो उडतो याचा अर्थ आत कोणीतरी ओरडते आहे. जाड तार घालणे म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबणे. ओरडणे थांबते, दुखणे थांबत नाही. फ्यूज गप्प बसवला म्हणून रेक्टिफायर गेला. तोही चिवट निघाला असता तर ट्रान्सफॉर्मर गेला असता, आणि त्या लाकडी टेबलावर ट्रान्सफॉर्मर जळू लागला असता तर पुढचे बोलायलाच नको.

"झाले तुझे प्रवचन?" मास्तर म्हणाला. "आता दोष शोध."

* * *

दोष शोधायला मी माझा पंचातला बल्ब काढला. जुने इलेक्ट्रिशियन याला सिरीज बोर्ड म्हणतात. वीज यंत्रात जाण्याआधी बल्बातून जाते. यंत्रात घोटाळा असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सारा भार स्वतःवर घेतो. यंत्र निर्दोष असेल तर तो मंद लाल राहतो. यासाठी जुना तारेचा बल्बच लागतो, हल्लीचे एलईडी दिवे या कामी निरुपयोगी. शंभर रुपयांचे मीटर जे सांगणार नाही ते हा बल्ब चेहऱ्यावरून सांगतो.

पहिल्यांदा सगळे व्हॉल्व्ह काढून नुसता ट्रान्सफॉर्मर लावला. बल्ब विझल्यासारखाच. म्हणजे ट्रान्सफॉर्मर धड आहे. मग रेक्टिफायर सोडून बाकीचे चार बसवले. त्यांच्या आतल्या तारा तापू लागल्या, बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. हेही ठीक. आता उरला तो एकुलता एक ईझेड ८१. मास्तरने तो खोक्यातून असा काढला की जणू देवघरातला शाळिग्राम.

बसवला. आम्ही दोघे श्वास रोखून बल्बाकडे पाहत राहिलो. अर्ध्या मिनिटाने दाब चढला, बल्ब थोडा तांबूस झाला आणि तिथेच राहिला. काही म्हणजे काही बिघाड नाही!

मग मी उलटे करून एकेक ठिकाण तपासले. एक हात पाठीमागे, कारण आतला दाब तीनशे व्होल्टच्या पुढे असतो आणि दोन हातांमधून तो गेला तर वाटेत काळीज लागते. यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरात तो काही काळ टिकून राहतो, हे नवशिक्याने गळ्यात बांधून ठेवावे. ईएल ८४च्या ग्रिडवर वीज झिरपते का पाहिले. कारण जुना कंडेन्सर ओलाव्याने झिरपू लागला की व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि फ्यूज जातो. मोखाड्याचा पाऊस पाहता माझा पहिला संशय तिथेच होता. पण तो साफ निघाला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर चांगला. तारांचा कुठे स्पर्श नाही.

"काय बदललेस शेवटचे?" मी विचारले.

"काही नाही."

"नक्की?"

"काही म्हणजे काही नाही."

संध्याकाळ झाली. यंत्र बल्बासकट चालूच ठेवले होते आणि आम्ही दोघे दोन पराभूत सेनापतींसारखे बसलो होतो. वहिनी दिवा लावायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, मी एक सांगू? लाईट डोळा मिचकावते ना, तेव्हाच उडतो हा."

"तिचे काहीतरीच," मास्तर म्हणाला. "लाईट दिवसातून दहादा मिचकावते. दहादा कुठे उडतो?"

"यंत्र चालू असते तेव्हा मिचकावली की उडतो," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि आत गेल्या.

मास्तरने मान हलवली. मीही फारसे मनावर घेतले नाही. पुरुषांना आपल्या अज्ञानाचाही अभिमान असतो. पण मोखाड्याच्या विजेने वहिनींची बाजू घेतली. आठच्या सुमारास दिवे गेले. एक, दोन, तीन मोजेपर्यंत काळोख, आणि दिवे परत आले. ते येताक्षणी टेबलावरचा माझा बल्ब, जो इतका वेळ निखाऱ्यासारखा होता, तो असा पांढराशुभ्र पेटला की भिंतीवर आमच्या सावल्या उमटल्या. क्षणभरच. मग पुन्हा निखारा.

बल्ब मध्ये नसता तर शेवटचा ईझेड ८१ त्या क्षणी गेला असता.

"पुन्हा विचारतो," मी म्हटले. "श्रावणात काय बदललेस?"

मास्तर बराच वेळ गप्प बसला. "बदलले असे नाही. आवाजात जरा घूं घूं येत होते. म्हणून पहिला कंडेन्सर काढून नवा घातला. पण चांगला घातला रे! पन्नासच्या जागी दोनशे वीस मायक्रोफॅरड. मुद्दाम मोठा."

त्या निळ्या कंडेन्सरचा आकडा भिंतीकडच्या बाजूला वळलेला होता. सबंध दुपार माझ्या नाकासमोर तो पाठ फिरवून बसला होता.

* * *

यातली मेख मास्तरला समजावली ती वहिनींनीच, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या गोष्टीने. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नासदा मागेपुढे होते. व्हॉल्व्हला एकाच दिशेने वाहणारी हवी. रेक्टिफायर हे एकाच बाजूने उघडणारे दार. दारातून हिसक्या-हिसक्याने जे येते ते साठवून संथ धार सोडायची हे पहिल्या कंडेन्सरचे काम. तो रांजण. रांजण मोठा तर धार अधिक संथ, घूं घूं कमी. इथवर मास्तरचे बरोबर होते.

"पण रिकामा रांजण भरायचा कोणी?" मी म्हटले. "त्या दाराने!"

मास्तरच्या चेहऱ्यावर शंका तशीच. तेव्हा वहिनी दारातून म्हणाल्या, "म्हणजे टँकरसारखं."

चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवरच्या विहिरी आटतात. हजारो मिलिमीटर पाऊस पिणारा हा डोंगर उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो. मग टँकर येतो आणि विहिरीत पाणी ओततो. "तेव्हा पाहा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांचे हंडे एकाच वेळी रिकामे असतात. जिच्या घरात थोडे पाणी असते ती रांगेत उभी राहते. पण सगळेच रिकामे असले की रांग कुठली? काठ ढासळायची वेळ येते."

अगदी हेच. सकाळी यंत्र चालू करताना रेक्टिफायर थंड असतो. त्याची कॅथोड हळूहळू तापते, दार हळूहळू उघडते आणि रांजण सावकाश भरतो. म्हणून एरवी काही होत नाही. पण यंत्र तापलेले असताना वीज दोन-तीन सेकंद गेली की ईएल ८४ जेमतेम एका सेकंदात रांजण पिऊन टाकतात. दार मात्र अजून तापलेले, सताड उघडे. वीज परतते आणि रिकामा दोनशे विसाचा रांजण एका झटक्यात भरू पाहतो. ईझेड ८१ला पन्नास मायक्रोफॅरडपर्यंतच कंडेन्सर जोडावा, असे तो बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलेले आहे. चौपट बोजा आला की आत ठिणगी पडते, शॉर्ट होतो आणि फ्यूज आपले कर्तव्य करतो. डोंबिवलीत हे यंत्र वर्षभर न उडता चालले असते. मोखाड्याला वीज लपकते, म्हणून इथे दोष उघडा पडला. दोष गावाचा नव्हता. गावाने तो फक्त दाखवून दिला.

"आता पन्नासचा कंडेन्सर काढ," मास्तर म्हणाला.

मी पिशवी पालथी केली. साडेचारशे व्होल्ट सोसणारा पन्नासचा कंडेन्सर तेवढा तिच्यात नव्हता. आणि त्याचा जुना त्याने भंगारात दिला होता.

तेव्हा कुठे मास्तरने मला वाघबारशीचे सांगितले. तीसएक वर्षांपूर्वी त्याच्या शाळेत एका वारली म्हाताऱ्याने तारपा वाजवला होता. मास्तरने तो कॅसेटवर घेतला. म्हातारा पुढे वारला. त्याचा नातू आता तारपा शिकतो आहे. पण आज्याच्या चाली शिकवणारे कोणी राहिले नाही. तारपा वाजतो तो भात पिकल्यापासून दिवाळीपर्यंत, मग तो ठेवून देतात. मोबाइलवर ती कॅसेट उतरवून पोराला दिली होती. पण त्या चिमुकल्या स्पीकरातून तारप्याचा वरचा स्वर तेवढा येतो, खालचा घुमारा येतच नाही. पोरगा म्हणाला होता, "गुरुजी, हा आज्या नाय. ही चिलटं." मास्तरने त्याला वाघबारशीच्या रात्रीचा शब्द दिला होता. वाघबारस म्हणजे दुसरा दिवस.

* * *

सकाळी आम्ही जव्हारला गेलो. मोखाड्याला जे मिळत नाही ते जव्हारला मिळते, जव्हारला मिळत नाही ते नाशिकला. जव्हार हे एका संस्थानाची राजधानी होते. चौदाव्या शतकात जयबा मुकण्यांनी स्थापलेले महादेव कोळ्यांचे हे राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले. त्यांचा जयविलास राजवाडा गावाबाहेर टेकडीवर झाडीत उभा आहे. सुरतेला जाताना शिवाजीमहाराज शिरपामाळावर थांबले होते, असे इथे सांगतात. बोहाड्याचे मुखवटे करणारे कारागीर जव्हारजवळ रामखिंडीत आहेत. कागदाच्या लगद्यातून ते रावण, नरसिंह आणि वेताळ घडवतात. एरवी हे सारे मी वही घेऊन पाहिले असते. त्या दिवशी मी राजवाड्याकडे पाठ करून टीव्ही दुरुस्तीचे दुकान शोधत होतो.

दुकानात पन्नासचा कंडेन्सर नव्हता. पण मागच्या खोलीत जुन्या टीव्हींचा ढीग होता. दुकानदार तरुण होता. व्हॉल्व्ह त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने आम्हाला दोन निकामी टीव्हींतून शंभर मायक्रोफॅरड, चारशे व्होल्टचे दोन कंडेन्सर काढून दिले. मास्तरला कळेना. "शंभर? पन्नास पाहिजेत ना?"

"दोन शंभर एकापुढे एक जोडले की होतात पन्नास," मी म्हटले, "आणि दाब सोसण्याची ताकद होते दुप्पट." मास्तरने आयुष्यभर मुलांना अपूर्णांक शिकवले होते. तो तिथल्या तिथे हसू लागला. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. तारपा कॅसेटवर आहे हे ऐकल्यावर त्याने वर दोन फ्यूजही दिले.

दुपारी काम केले. दोन्ही कंडेन्सर मीटरवर तपासून एकापुढे एक जोडले. दोघांवर दाब सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर दोन लाख वीस हजार ओहमचा एकेक रेझिस्टन्स दिला. रेक्टिफायरच्या दोन्ही प्लेटांच्या वाटेत शंभर ओहमचे जाड रेझिस्टन्स घातले; म्हणजे गर्दी झालीच तर दारात उंबरठा असावा. आणि मास्तरचा तो निळा दोनशे वीसवाला? तो मी टाकून दिला नाही. चोक नावाचे गुंडाळे असते, त्याच्या पलीकडे त्याला नेऊन बसवले. तिथे वीज संथपणे पोहोचते, तिथे मोठा रांजण शोभतो आणि घूं घूंही जाते. पहिल्या पंक्तीत ज्याच्यामुळे गोंधळ होत होता त्याला दुसऱ्या पंक्तीत बसवले, एवढेच.

मग परीक्षा. बल्ब काढला. एक ॲम्पियरचा खरा फ्यूज घातला. यंत्र दहा मिनिटे तापू दिले. आता दिवे जायची वाट न पाहता आपणच बटण बंद करायचे, तीन मोजायचे आणि पुन्हा चालू करायचे. जगला तर वाघबारस, गेला तर मोबाइलमधली चिलटे. मास्तर म्हणाला, "तू कर." मी म्हटले, "यंत्र तुझे." शेवटी वहिनी पुढे झाल्या, पदराला हात पुसले आणि बटण दाबले. आम्ही तिघांनी मोठ्याने मोजले. एक. दोन. तीन. खट्.

काही झाले नाही. एवढे सुंदर काही-न-होणे मी बऱ्याच दिवसांत अनुभवले नव्हते. वहिनींनी आपणहून आणखी चारदा करून पाहिले.

* * *

वाघबारशीला या मुलखात वेशीवरच्या वाघदेवाची पूजा होते. गुरे रानात जातात, ती सुखरूप परत यावीत एवढेच मागणे. ती पूजा आटोपून पोरगा पाड्यावरच्या पंधरा-वीस माणसांसह अंधारातून आला. खांद्यावर तारपा. वाळलेल्या दुधी भोपळ्याचा फुगा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि शेवटी ताडाच्या पानांचा लांब कर्णा. मंडळी अंगणात उकिडवी बसली.

मास्तरने कॅसेट लावली. आधी नुसता खरखराट, मग शाळेतल्या मुलांचा गलका, मग मास्तरचाच तीस वर्षांपूर्वीचा तरुण आवाज, "गप्प बसा रे!" सगळे हसले. आणि मग तारपा. श्वास न तोडता वाजणारा तो घुमारा छातीत बसतो, कानात नव्हे. एका म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पोरगा यंत्राला कान लावून बसला होता, त्याची बोटे रिकाम्या हवेत भोके दाबत होती. कॅसेटची एक बाजू संपली, मास्तरने ती उलटी केली. दुसऱ्यांदा पहिली चाल आली तेव्हा पोराने तारपा उचलला आणि आज्याच्या बरोबर फुंकू लागला. आधी चाचपडत, मग सावकाश जुळत.

आणि दिवे गेले.

यंत्र मुके झाले. पण अंगणातला आवाज थांबला नाही. पोरगा डोळे मिटून वाजवत होता. आज्या गेल्याचे बहुधा त्याच्या ध्यानातच आले नाही. अमावास्या दोन-तीन दिवसांवर आलेली, सगळीकडे गच्च काळोख, आणि त्यात तो घुमारा. कोणीतरी उठले, दुसऱ्याचा हात धरला, आणि अंधारातच नाचाचा फेर सुरू झाला.

एक, दोन, तीन. मी सवयीने मोजत होतो. दिवे आले. फ्यूज उडाला नाही, रेक्टिफायर शाबूत, कॅसेटीतला आज्याही पुन्हा वाजू लागला. पण त्याची चाल आता पोराच्या चालीच्या मागे पडली होती. मास्तरने हात पुढे केला आणि हळूच आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी निघताना मी मास्तरला बजावले: जाड तार पुन्हा घालायची नाही, आणि दिवे गेले की बटण हाताने बंद करून अर्धा मिनिट थांबायचे. त्याने मान डोलावली. वहिनींनी माझा चिवड्याचा डबा नागलीच्या पिठाने भरून परत दिला. बल्ब मात्र त्यांनी ठेवून घेतला. "असू दे भाऊजी," त्या म्हणाल्या. "हे पुन्हा काहीतरी मोठे घालतील."